पहिला घोट कोणाचा

सिडनीच्या टूनगॅबी या उपनगरात, माझ्या लेकीच्या घरी, श्रावण हिवाळ्यात येतो. पंचांग तेच, तिथी त्याच. पण श्रावणी सोमवारी पहाटे स्नान करून मागचे दार उघडावे तर हिरवळीवर पांढरे दहिवर पसरलेले असते आणि देवापुढच्या निरांजनावर, देवाची क्षमा मागून, हात शेकावेसे वाटतात. दरवर्षी काही महिने मी येथे येऊन राहते. पहिल्या वर्षीचे नवल आता ओसरले आहे. तरी येथे मी राहणारी नव्हे, येऊन-जाऊन असणारी आहे, आणि येऊन-जाऊन असणाऱ्याची नजर थोडी जागीच राहते.

संस्कृत मी वडिलांपाशी शिकले आणि पुढे वाईच्या एका शाळेत सेवानिवृत्तीपर्यंत ते शिकवले. वडिलांकडूनच मला आणखी एक गोष्ट मिळाली. देवाला दाखवल्यावाचून काहीही मुखात घालायचे नाही. केवळ जेवण नव्हे, सकाळचा चहासुद्धा. तुळशीचे पान ठेवायचे, डोळे मिटायचे, मग घ्यायचे. लग्नघरी, इस्पितळात, आगगाडीत हा नेम चालला, कारण कमरेच्या बटव्यात पानांची एक लहानशी चांदीची डबी कायम असते. परंतु ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर हिरवे पान आत नेऊ देत नाहीत. पहिल्या खेपेस मी रिकाम्या डबीने उतरले आणि मला फार पोरके वाटले. शेजारच्या गल्लीत वसईच्या एक ख्रिस्ती बाई राहतात. त्यांनी खोकल्याच्या काढ्यासाठी तुळस लावलेली होती. त्यांनीच मला फांदी मोडून दिली आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही पूजा करा, आम्ही काढा करतो. तुळशीला काय, दोन्ही चालतं." ती फांदी रुजली. थंडीत ती कपडे धुण्याच्या खोलीतल्या काचेशी उन्हाला बसते, आणि लेक तिला माझी दुसरी नात म्हणते.

यंदा श्रावणातच एक आमंत्रण आले.

लेक रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या शेजारच्या टेबलावर एक कोरियन बाई आहेत. पन्नाशीच्या, राहायला कॅसल हिलला. कित्येक वर्षे त्या आपल्या देशातल्या जुन्या पद्धतीने चहा करण्याची विद्या शिकत होत्या. विद्या हा शब्द माझा. लेकीने 'क्लास' म्हटले होते. शिकवणाऱ्या बाई वयोवृद्ध, माझ्याहूनही थोर. त्यांचा वर्ग या शिष्येच्याच घरी, पुढच्या खोलीत दर शनिवारी भरत असे. आता त्या बाई कायमच्या कोरियाला, मुलाकडे निघाल्या होत्या. त्यांनी शिष्येला योग्य ठरवले तर वर्ग तिच्या हाती चालू राहणार होता. नाही ठरवले तर वर्ग बंद, आणि भांडी बाईंबरोबर परत.

परीक्षा घेण्याची या बाईंची रीत मला मोठी कुतूहलाची वाटली. शिष्येने पाहुण्यांना चहा करून द्यायचा. बाई एका बाजूला, हातात कप न घेता, बसून राहणार. मन भरले तर त्या उठून पाहुण्यांच्या रांगेत येतील आणि आपल्यासाठी कप मागतील. नाही भरले तर वाकून नमस्कार करतील आणि खोलीबाहेर जातील. याआधी दोन वेळा त्यांनी नमस्कार केला होता. दुसऱ्या वेळी जाताना त्या एवढेच म्हणाल्या होत्या की, तुझे हात चांगले आहेत, पण तू हातांकडेच बघतेस.

या वेळी, शेवटच्या, बाईंनी अट घातली होती की पाहुणा वयाने मोठा असावा आणि त्याला या चहातले काही म्हणजे काही कळत नसावे. लेकीने माझे नाव सुचवले. दोन्ही अटींत मी पुरेपूर बसत होते.

सोबतीला नात. ती युनिव्हर्सिटीत शिकते, मराठी सगळे समजते आणि उत्तर अर्धे इंग्रजीत देते. लेकीची त्या दिवशी शिफ्ट होती. गाडीत बसण्यापूर्वी नातीने मला निरोप वाचून दाखवला: अत्तर नको, फुले नकोत, उदबत्तीचा वास अंगाला नको. या चहाचा सुगंध इतका हलका असतो की दुसरा कुठलाही वास त्याला झाकून टाकतो.

"म्हणजे गजरा नाही, आजी."

"इथे गजरा मिळतो कुठे?"

"हॅरिस पार्कला मिळतो. लास्ट वीक तूच घेतलास. आणि ती डबी?"

मी म्हटले, डबी बटव्यातच राहील.

"प्रॉमिस?"

"राहील म्हटले ना."

हे मी विचार करून म्हटले होते. शास्त्रात मानसपूजेची सोय आहे. फूल नसेल तर मनातले फूल, जल नसेल तर मनातले जल. पानावाचून काही अडणार नव्हते. त्या दिवशी मी पूजेत उदबत्तीही लावली नव्हती, आणि साबणाऐवजी बेसन लावून स्नान केले होते. परक्याच्या परीक्षेत आपण अडचण होऊ नये, इतके तर शिक्षकाला कळते.

वाटेवर रस्त्याकडेच्या वॅटलला पिवळा बहर आला होता. इथे त्या झाडाला थंडीतच फुले येतात, आणि सोनचाफ्याची सवय असलेल्या माझ्या नाकाला दरवर्षी वाटते की त्या फुलांना वास काही नसावा. नात म्हणाली, काच उघडू नको, तुझ्या साडीला लागेल.

घर साधे, विटांचे, दोन मजली. दारातच चपला काढायच्या होत्या, त्याने मला बरे वाटले. आतली खोली जवळजवळ रिकामी होती. खाली चटई, तिच्यावर बसके लाकडी मेज, बाजूला पाण्याचे भांडे मंद तापत ठेवलेले. भिंतीवर चित्र नाही, कोपऱ्यात शोभेची वस्तू नाही. गाभाऱ्यात शिरताना डोळ्यांना जसे क्षणभर काही सापडत नाही आणि मग हळूहळू सापडू लागते, तसे मला झाले. यजमानीण पांढऱ्या झग्यासारख्या त्यांच्या वेषात होत्या. लांब घोळदार घागरा आणि आखूड अंगरखा. खिडकीशी, एका उशीवर, त्यांच्या बाई बसल्या होत्या. अंगाने बारीक, केस मागे घट्ट बांधलेले, करडी सुती वस्त्रे. मी हात जोडले. त्यांनी जमिनीला जवळजवळ कपाळ टेकेल इतके वाकून नमस्कार केला, आणि माझे गुडघे त्याची परतफेड करू शकत नसल्याने मी नुसतीच लाजले.

आरंभ होण्यापूर्वी बाईंनी मला एक प्रश्न विचारला. यजमानिणीने तो इंग्रजीत सांगितला. येथले भरभर इंग्रजी मला अडते तेथे नात मराठी करत होती. मी घरी चहा कसा पिते? मी खरे ते सांगितले: पाणी, साखर, आले, चहाची पूड, सगळे एकत्र उकळायचे, मग दूध घालून पुन्हा उकळायचे. हे कोरियन भाषेत पोचले तेव्हा बाईंनी डोळे मिटले. वर्गात एखादे रूप पार चुकलेले ऐकले की मीही असेच मिटत असे. मग त्या हसल्या, आणि यजमानिणीला काही बोलल्या. ते असे होते की, छान, खरोखरच काही कळत नाही.

यजमानिणीने क्रम आधीच समजावून ठेवला, कारण एकदा सुरू झाल्यावर बोलायचे नव्हते. चहा किटलीतून एका धारेने एकाच कपात भरत नाहीत. थोडा थोडा ओतत जायचे आणि उलट परतायचे, म्हणजे सर्वांच्या वाट्याला सारखाच कडक येतो. किटलीत थेंबही ठेवायचा नाही. राहिला तर पाने कडवट होतात आणि पुढची खेप बिघडते. कप पाहुण्यांपुढे ठेवल्यावर पहिला घोट यजमान घेईल. नंतर पाहुणे.

येथे मी अडले. आमच्याकडे पाहुण्याचे पोट भरेपर्यंत यजमान पाण्यालाही शिवत नाही. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, जे मी तुमच्या हाती देते त्याची जबाबदारी माझी. ते कसे झाले आहे हे तुमच्याआधी मला कळायला हवे. युक्तिवाद मला पटला. परंतु पटल्याबरोबर दुसरा काटा टोचला. नैवेद्याचे अन्न कोणी आधी चाखत नाही. स्वयंपाक करताना माझी आई मिठाचा अंदाज हातानेच घेई, जिभेने नाही. मग यजमानिणीचा घोट झाल्यावर मी देवाला काय दाखवणार? मनातल्या मनात मी वेळ ठरवून टाकली. कप पुढे येईल आणि त्या आपला कप उचलतील, या दोहोंमध्ये एक श्वासभर अवकाश असेल. तेवढ्यात मानसनैवेद्य उरकायचा.

त्यांनी आरंभ केला.

मेजावरची भांडी एका वस्त्राने झाकलेली होती. बाहेरून लाल, आतून निळे. ते वस्त्र त्यांनी घडी घालत घालत इतक्या निगुतीने बाजूला केले की देवावरचे निर्माल्य उतरवताना होणारी बोटांची चाल मला आठवली. आत पांढुरकी मातीची किटली, दांडा एका बाजूला. ओठ काढलेला एक वाडगा. बिनकानाचे पाच कप, त्यांपैकी दोन पालथे. लाकडाच्या बश्या. गरम पाणी आधी वाडग्यात आले, वाडग्यातून किटलीत, किटलीतून तिन्ही उताण्या कपांत. आणि भांडी ऊबदार झाल्यावर ते सारे पाणी बाजूच्या एका खोलगट पात्रात सोडून दिले. ते पात्र पाहताच मी नातीला कोपराने ढोसले. "ताम्हन," मी पुटपुटले. तिने डोळे मोठे केले. बोलायचे नव्हते.

परंतु मन कुठे गप्प बसते. पूजेआधी पात्रे मांडावी, शुद्ध करावी, त्यांना जागा नेमून द्यावी, हे मी आयुष्यभर करत आले होते. येथे तेच चालले होते आणि मंत्र नव्हता. नुसते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पडल्याचा आवाज. आणि तो प्रत्येक वेळी निराळा. वाडग्यात पडताना पसरट. किटलीत खोल. मंत्राच्या जागी हा आवाज असेल काय, असे मला वाटून गेले. मी विद्यार्थिनी असते तर वडिलांना विचारले असते.

मग चहा. बाईंनी वसंतात देशाहून आणलेल्या डब्यातला हा शेवटचा होता, असे लेकीने सांगितले होते. डोंगरातल्या झुडपांची, पहिल्या खुडणीची पाने. वळून वळून जिऱ्याएवढी झालेली. बांबूच्या पळीने ती किटलीत पडली. यजमानिणीने पाणी वाडग्यात निवत ठेवले आणि वाट पाहिली. त्यांचा चेहरा स्थिर होता. कानशिलाजवळ एक शीर मात्र उडत होती, आणि नजर किटलीच्या दांड्यावरच्या आपल्या बोटांवर खिळली होती. मी खिडकीकडे पाहिले. बाईही शिष्येकडेच पाहत होत्या, पण तिच्या बोटांकडे नव्हे, डोळ्यांकडे. मला माझा वर्ग आठवला. तोंडी परीक्षेत फळ्यामागे उत्तर लिहिले आहे अशा समजुतीने पाठ म्हणणारी मुले आठवली. आतून कोणीतरी म्हणत होते, वर बघ ग पोरी.

धार सुरू झाली. आधी त्यांच्या स्वतःच्या कपात थोडी, मग नातीच्या, मग माझ्या. मग उलट: माझ्या, नातीच्या, त्यांच्या. शेवटचा थेंब किटलीच्या तोंडाशी बराच वेळ लोंबकळला आणि सारे त्याच्यासाठी थांबले. तो पडला. लाकडी बशीवरून माझा कप माझ्यापुढे आला. रंग असा की आहे म्हणावा तर नाही, नाही म्हणावा तर आहे. कोवळ्या बांबूच्या आतल्या सालीसारखा. त्यांनी आपला कप दोन्ही हातांत घेतला.

माझा श्वासभर अवकाश हाच होता. मी डोळे मिटले, आणि घाई केली. घाईत मन कामाला लागण्याआधीच हात कामाला लागतो. कधी बटव्याची नाडी सुटली, कधी डबी बाहेर आली, मला कळलेच नाही. कळले ते झाकण उघडल्याच्या बारीक आवाजाने, आणि लगोलग वासाने. बंद डबीत कोंडलेली कृष्णतुळस किती उग्र असते हे मला त्या निर्गंध खोलीत पहिल्यांदा समजले. जणू मी मोठ्याने बोलले होते.

मी झाकण लावले. डबी मुठीत धरून हात पदराआड नेला. नात समोर भिंतीकडे बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

यजमानीण थांबल्या. कप ओठांपासून वीतभर अंतरावर होता. त्यांची नजर प्रथमच हातांवरून उठली आणि माझ्या मुठीवर आली, तेथून माझ्या तोंडावर.  नंतर त्यांनी, बोलायचे नसताना, अगदी हळू विचारले, "देवासाठी आहे का?"

मी मान डोलावली. म्हटले, नको, मी मनात करीन, आपण थांबू नये.

त्यांनी किटलीकडे पाहिले. किटली रिकामी होती. ती रिकामी करायचीच असते. दोन पालथे कप होते, पण त्यांत घालायला काही नव्हते. मग त्यांनी आपल्या हातातला, ओठ न लावलेला कप बशीवर ठेवला आणि ती बशी दोन्ही हातांनी सरकवून माझ्यापुढे, माझ्या कपापासून थोडी दूर, वरच्या अंगाला ठेवली. मोठ्यांचे पान वेगळे मांडतात तशी. आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

नात माझ्या कानाशी आली. "आजी, तिने स्वतःचा कप दिला. आता ती टेस्ट कशी करणार? तिच्या मॅडम बघतायत."

ते मलाही दिसत होते. पाहुण्याच्या आधी यजमानाने चाखायचे, हा त्या दिवसाचा कणाच होता, आणि तो माझ्या डबीने मोडला होता. परत करावा तर दिलेले नाकारले. ठेवून घ्यावा तर यांचा वर्ग गेला. खिडकीशी बाई पाषाणमूर्तीसारख्या निश्चल. मी मग विचार सोडला. माझ्यापुढे नैवेद्य मांडलेला होता आणि नैवेद्य मांडल्यावर माणसाने काय करायचे, हे मला एवढेच एक खात्रीने माहीत आहे. डबी पुन्हा उघडली. त्या वेगळ्या कपात एक पान सोडले. डोळे मिटले.

मन एकाग्र झाले असे म्हणणे खोटे होईल. देवापाशी मी यजमानिणीसाठीच मागणे मागितले, आणि व्रतवैकल्यांच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदा मागणे आधी आणि नैवेद्य नंतर झाला.

डोळे उघडले तर सगळे होते तसेच होते. यजमानिणीची नजर माझ्यावर होती. किटली, वाडगा, बोटे कशावरही नाही. त्यांनी हाताने खूण केली, घ्या. माझा कप उचलायला हात गेला आणि तेथेच मला सुचले, किंवा आठवले म्हणावे. नैवेद्य दाखवून झाला की तो कोणाचा तरी व्हावा लागतो. देव काही कप ठेवून घेत नाही. मी तो वरच्या अंगाचा कप दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हा आता प्रसाद," मी म्हटले. "आधी आपण."

नातीने ते इंग्रजीत केले. यजमानिणीने कप घेतला, पान ओठाशी येऊ नये म्हणून जरा तिरका धरला, आणि एक घोट घेतला. अशा रीतीने पहिला घोट अखेर यजमानाचाच झाला. फक्त वाटेत तो एका बाजूला जाऊन आला होता.

खिडकीशी बसूनच बाईंनी एकच आखूड प्रश्न टाकला. यजमानिणीने मान खाली घालून उत्तर दिले. मला ते नंतर सांगण्यात आले, पण येथेच सांगते. प्रश्न होता, चहा कसा झाला आहे? उत्तर होते, कळत नाही; पान पुढे आले आणि चहा त्याच्या मागे लपला. चांगला झाला आहे असे म्हणून त्या मोकळ्या झाल्या असत्या. कोणाला समजणार होते?

मग बाई माझ्याकडे वळल्या. नातीने कानात सांगितले की तुलाच विचारतायत. मी माझा कप उचलला. आधी काहीच लागले नाही, केवळ ऊन पाणी. दुसऱ्या घोटाला कोवळी कणसे उकडून झाकण काढल्यावर जो वाफेचा वास येतो, तसे काहीतरी. तिसऱ्याला जिभेच्या मागे कडवट, आणि गिळल्यावर घशात गोड. आचमनाचेही तीनच घोट असतात. पण ते मी बोलले नाही. म्हणाले, मला यातले कळत नाही, आपण जाणताच; किंचित कडू लागला, मग गोड झाला.

बाईंनी ऐकून घेतले. बोलल्या ते यजमानिणीने आपल्याच तोंडाने आम्हाला सांगितले. "त्या म्हणतात, पाणी जरा जास्त गरम होतं. अजून निवायला हवं होतं. म्हणून कडू."

बाई उठू लागल्या. त्या वयात जमिनीवरून उठणे हे काही सहज काम नाही. एक हात खिडकीच्या कठड्यावर, एक गुडघ्यावर. उभ्या राहिल्यावर त्यांनी वस्त्रे नीट केली. यजमानीण आधीच वाकल्या होत्या, नमस्कार स्वीकारण्यासाठी. नातीने माझे मनगट धरले. मला वाटले, लेकीला आता काय सांगायचे. उद्या तिला याच यजमानिणीच्या शेजारी बसून काम करायचे आहे.

बाईंनी खाली वाकून आपली उशी उचलली. ती काखेत धरून लहान पावलांनी त्या खोली ओलांडून आल्या, माझ्या उजव्या बाजूला उशी ठेवली, आणि माझ्या खांद्याचा आधार घेत तिच्यावर बसल्या. त्यांचा हात हलका होता. रिकामा तळवा त्यांनी मेजावर टेकवला आणि दोन शब्द बोलल्या.

यजमानीण वर बघेनात. बाईंना ते शब्द पुन्हा बोलावे लागले, आणि या खेपेस त्यांत थोडी वैतागाची धार होती. ती मला कोणत्याही भाषेत ओळखता आली असती. शिकवून शिकवून येते ती.

मग यजमानिणीने पालथा कप उताणा केला.

दुसरी खेप त्यांनी पाणी पुष्कळ निववून केली. रडत नव्हत्या, डोळे भरले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांची नजर आता सर्वांवर फिरत होती, आणि एकदा तर थोडे पाणी बशीत सांडलेही. बाईंनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. ओतायच्या वेळी बाईंनी बोट उचलून थांबवले. पाचवा कप अजून पालथाच होता. त्यांनी तो स्वतः उताणा करून मेजाच्या वरच्या अंगाला, कोणीच बसले नव्हते तेथे ठेवला, आणि काही सांगितले. यजमानीण प्रथम हसल्या आणि मग त्यांनी आम्हाला अर्थ सांगितला.

"त्या म्हणतात, पुन्हा असा स्वतःचा कप देऊन टाकू नकोस. यजमानाने चाखलंच पाहिजे. आधीच एक जास्तीचा मांड."

धार त्या कपात आधी पडली. मग क्रमाने बाकीच्यांत. चहाबरोबर तिळाच्या आणि मधाच्या लहान वड्या आल्या, साच्यात दाबून फुलांची नक्षी उठवलेल्या. मोदकाच्या साच्यावर माझी आई असाच अंगठा दाबत असे. आता बोलायला परवानगी होती. बाईंनी डबी पाहायला मागितली. झाकण उघडून नाक जवळ नेले आणि एक मोठी शिंक दिली. त्यांच्या शिंकेने यजमानीण इतक्या हसल्या की त्यांना पदर असता तर त्यांनी तो तोंडाला लावला असता. बाईंनी डबी परत देताना विचारले की हे चहासारखे उकळून पितात काय. मी म्हटले, आमच्या शेजारच्या वसईच्या बाई पितात. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. त्या बाईंना तरी काही कळते, असा त्याचा अर्थ असावा.

आम्ही परत निघालो. सिग्नलला गाडी थांबल्यावर नात म्हणाली, "डबी बटव्यात राहील म्हणालीस."

"राहणारच होती. हात राहिला नाही."

"आय वॉज सो एम्बॅरस्ड, आजी. खरंच. मग ती मॅडम आपली उशी घेऊन आली ना, तेव्हा मला वाटलं ती आता तुला ओरडणार." आणि थोड्या वेळाने: "काच उघडू का? आता चालेल."

वॅटलला वास होता, थोडा मधासारखा. इतकी वर्षे मी उगीच शंका घेत होते.

त्या बाई आता त्यांच्या देशी पोचल्या आहेत. भांडी कॅसल हिललाच आहेत. माझ्या तुळशीची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून लेकीने प्रयोगशाळेत नेली होती. ती यजमानिणीच्या घरी खिडकीत धरली आहे असे ऐकते. चहाच्या मेजापासून पुष्कळ दूर, दुसऱ्या टोकाच्या खोलीत. वर्ग दर शनिवारी भरतो, आणि वरच्या अंगाचा तो जास्तीचा कप दर वेळी मांडला जातो, पाहुणा कोणीही असो. लेकीने हे मला कामावरून आल्या आल्या, दारात बूट काढताना सांगितले.

त्या कपातला चहा शेवटी कोण पिते, एवढे विचारून ये, असे मी तिला सांगितले आहे. दोन दिवस झाले, ती विसरते आहे.